दोघींची पाहणी

आरोग्य केंद्राकडून पाहणीबाई येणार म्हणून वहिनीने सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. पडदे झटकून झाले, कपाटातले चांगले कप निघाले आणि आत्याचा गाउन दोनदा बदलून झाला.

"अहो वन्सं, निळा नको. निळ्यात तुम्ही आजारी दिसता."

"आजारीच आहे मी. म्हणून तर येतेय ना ती बाई."

"असाल. दिसायला कशाला हवं?"

आत्याला निळा काय नि करडा काय, दोन्ही सारखेच. बरीच वर्षं मुरलेल्या साखरेने तिच्या नजरेच्या बरोबर मधोमध एक धुरकट डाग पाडून ठेवला होता. समोरच्या माणसाचे कान दिसत, खांदे दिसत, चेहरा तेवढा गायब. हृदय थकलं होतं, त्यामुळे संध्याकाळी पाय सुजून चपलेत मावेनासे व्हायचे. तळपायांना तर फरशी गार आहे की गरम हेही कळत नसे. पण कान शाबूत होते आणि डोकं त्याहून शाबूत.

ती सगळ्यांची आत्याच होती. खरा भाचा एकच, वहिनीचा मुलगा. पण इमारतीतली पोरंटोरं, खालचा औषधवाला, पोस्टमन, सगळे तिला आत्याच म्हणायचे. विशीही ओलांडली नव्हती तेव्हा ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली आणि केस पिकेपर्यंत तिथेच राहिली. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांची भिंत, हातात वायर. अर्ध्या गावाचे नंबर तोंडपाठ. लोक तिला नंबर सांगतच नसत. "डॉक्टरांना जोडा हो," एवढंच म्हणत. कोण बोलतंय आणि त्याला कुठला डॉक्टर हवाय, हे ती आवाजावरून ओळखायची. लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "दिवसभर लोकांचे संसार ऐकते, त्यातच पोट भरतं."

राहायची ती थोरल्या भावाकडे. तिथेच वहिनी आली. दोघी एका वयाच्या आणि दोघींची जीभ सारखीच तिखट. वहिनी कपडे शिवायची. हात इतका सफाईदार की शिवणीची उलटी बाजू कुठली नि सुलटी कुठली ते कळू नये. पण बोलायला लागली की नुसती सुई. एकदा बैठकीच्या पडद्याच्या रंगावरून दोघींचं असं काही वाजलं की वर्षभर बोलणंच बंद. भाऊ मध्ये बसून निरोप पोचवायचा.

"त्यांना सांगा, सूप खारट झालंय."

"तिला सांग, उद्यापासून स्वतः कर म्हणावं."

"ही बाई दिवसभर लोकांचे फोन जोडते आणि घरी आली की माझंच एक्स्चेंज करून टाकते," असं म्हणून भाऊ कपाळाला हात लावायचा. तो गेला तोही त्या अबोल्यातच, अचानक. आलेली माणसं आपापल्या घरी परतली आणि दोघी जेवायला समोरासमोर बसल्या, तेव्हा लक्षात आलं की मध्ये निरोप द्यायला आता कोणी नाही. मग वहिनी म्हणाली, "मीठ द्या." आत्याने दिलं. त्यानंतर बोलणं कधी थांबलं नाही. भांडणंही रीतसर चालू राहिली.

म्हातारपण दोघींना एकदमच गाठलं, पण वेगवेगळ्या बाजूंनी. आत्याचे डोळे, पाय, हृदय. वहिनीला दमा, थायरॉइड, घडीघडी लघवीला जावं लागायचं, रात्री झोप नाही. पण नजर घारीची आणि चाल तुरुतुरु. मग कामांची वाटणी आपसूकच झाली. गोळ्यांची वेळ झाली की आत्या सांगायची, "माझी चपटी पांढरी, मग अर्धी पिवळी. तुझी ती बारीकशी," आणि वहिनी शोधून तिच्या तळहातावर ठेवायची. सामान आणायला वहिनी जायची, काय आणायचं ते आत्याच्या डोक्यात. "तुमचं दोघींचं मिळून एक धड माणूस होतं," असं औषधवाला एकदा म्हणाला, तर दोघींनी मिळून त्याला फैलावर घेतलं.

गेल्या काही महिन्यांत मात्र वहिनीचं काहीतरी बिनसलं होतं. मुलाला फोन करून बातमी सांगायची आणि घटकाभराने तीच बातमी त्याच उत्साहाने पुन्हा सांगायला फोन उचलायची. शिवायला घेतलेला गाउन बाहीपाशी अडला तो अडलाच. एकदा तिने आत्याच्या हातावर आपलीच दम्याची गोळी ठेवली. आत्याने बोटांनी चाचपली. तिला कडा होत्या, आत्याच्या एकाही गोळीला तशा कडा नव्हत्या. काही न बोलता तिने ती बशीत परत टाकली आणि तेव्हापासून प्रत्येक गोळी चाचपून घ्यायला लागली.

मग तो दिवस आला. आत्याने साखरेची गोळी घेतली आणि वहिनी पाव आणायला खाली उतरली. बेकरी तर कोपऱ्यावर. आत्या वाट बघत बसली. वहिनी येईना. आधी घाम फुटला, मग हात थरथरायला लागले, मग काहीतरी गोड तोंडात टाकावं म्हणून ती उठली आणि ओट्यापर्यंत पोचायच्या आतच कोसळली. शेजारच्या शिक्षिकेने धप्पकन आवाज ऐकला म्हणून निभावलं.

दवाखान्यात आत्या शुद्धीवर आली तेव्हा वहिनी पलंगाशी उभी होती. धाप लागलेली, पावाची पिशवी छातीशी घट्ट धरलेली. ती वाकून आत्याच्या कानात म्हणाली, "वन्सं, त्यांनी बेकरी हलवली वाटतं. सापडेचना."

बेकरी कोणी हलवली नव्हती.

"गोळी घेतल्यावर खाल्लं का नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"विसरले," आत्या म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा तिने हा शब्द स्वतःसाठी वापरला. डॉक्टरांनी मान हलवली, आत्याच्या कागदांवर ती विसराळू झाल्याची नोंद केली आणि घरी येऊन पाहणी करायला माणूस पाठवतो म्हणाले. रुग्णाला काय जमतं, काय जमत नाही, कुठली मदत लागेल, ते बघायला.

आत्या खोटं बोलली त्याला कारण होतं. भाचा दुसऱ्या शहरात राहायचा. मुलगा लाखात एक, पण घर एवढंसं; आईसाठी एक खोली निघाली असती, आत्यासाठी दुसरी कुठून काढणार? आईचं विसरणं कळलं असतं तर तो त्याच आठवड्यात तिला घेऊन गेला असता. मग आत्या कुठल्यातरी संस्थेत, अनोळखी पलंगावर. त्यापेक्षा आपणच विसराळू ठरलेलं बरं, असा तिने हिशोब मांडला होता.

पाहणीबाई आल्या. पन्नाशीच्या असाव्यात, सर्दी झालेली, जिना चढून दमलेल्या. लिफ्ट बंद होती. बसल्या बसल्या त्यांनी खणखणीत आवाज लावला, "कशा आहात आजी?"

"मला दिसत नाही, बाई. ऐकू चांगलं येतं," आत्या म्हणाली. "आणि आजी नका म्हणू. मी कोणाचीच आजी नाही."

"माफ करा. मग काय म्हणू?"

"आत्या म्हणा. सगळे म्हणतात."

बाई हसल्या आणि त्यांचा आवाज एकदम घरगुती झाला. त्यांनी आत्याला आडवं करून रक्तदाब घेतला, मग उभं करून पुन्हा घेतला. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायला लावलं, न्हाणीघरापर्यंत चालायला लावलं आणि स्वतः मागे मागे गेल्या. पायांच्या बोटांमध्ये जखम आहे का ते गुडघ्यावर बसून पाहिलं. रात्री किती उशा लागतात, आंघोळीला स्टूल आहे का, शेवटचं घराबाहेर कधी पडलात, असं गप्पा मारल्यासारखं विचारत राहिल्या. नंतर म्हणाल्या, "मी तीन शब्द सांगते. थोड्या वेळाने विचारीन. चेंडू, खिडकी, लोकर."

"बरं."

"आता औषधं. कुठली कुठली घेता?"

इथे आत्याचा जिभेवरचा ताबा सुटला. हा प्रश्न म्हणजे तिच्या आवडीचा विषय. तिने सकाळपासून रात्रीपर्यंतची औषधं घडाघडा म्हणून दाखवली, कुठली कोणत्या डॉक्टरांनी दिली, कुठली कधी बदलली त्यासकट. आणि ओघात वहिनीचीही म्हणून टाकली. वहिनी बाजूला कौतुकाने मान डोलवत होती.

"छान," बाई म्हणाल्या. "आणि मघाचे ते तीन शब्द?"

आत्याला तेव्हा चूक कळली. जिभेवर तिन्ही शब्द उभे होते. त्यांना आत ढकलणं तिला इतकं जड गेलं की कपाळावर आठी पडली.

"चेंडू," ती म्हणाली. "आणि... नाही बाई. गेले."

पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मग बाई वहिनीकडे वळल्या. "घसा अगदी बसलाय माझा. चहा मिळेल का? मीही येते तुमच्याबरोबर आत."

"या ना! मला काय, आत्ता करते," वहिनी उठली.

आत्या खुर्चीत ताठ झाली. एरवी वहिनी स्वयंपाकघरात गेली की आत्या दारातल्या स्टुलावर बसायची आणि तिथून गप्पांच्या मिषाने एकेक पायरी सुचवायची. आता तिथे पाहणीबाई उभ्या होत्या. नळ सुटला, भांड्यात पाणी पडलं. कपाटाचं दार वाजलं. वहिनी पडद्याच्या कापडाबद्दल सांगत होती. गॅसचं बटण फिरलं.

लायटरचा आवाज येईना.

वहिनी सांगतच होती, की असं कापड हल्ली मिळत नाही. गॅसची बारीक सुरसुर बोलण्याखालून चालूच होती. आत्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. अजून एक क्षण, आत्ता पेटवेल. मग तिला राहवेना.

"वहिनी! लायटर!"

"हो हो, गॅस बंद केलाय मी," आतून पाहणीबाईंचा शांत आवाज आला. खिडकी उघडल्याचा आवाज आला. "काही झालेलं नाही. जरा वारा येऊ दे."

"अगंबाई, पेटवला होता की मी," वहिनी म्हणत होती. "पेटवला होता ना?"

चहा शेवटी बाईंनीच केला. वहिनी बिस्किटांचा डबा शोधायला आतल्या खोलीत गेली, तेव्हा त्या खुर्ची ओढून आत्याजवळ बसल्या.

"असं आवाज देऊन सांभाळायला लागून किती दिवस झाले?"

"कसला आवाज? सहज म्हटलं मी."

"आत्या, ते तीन शब्द सांगता का आता?"

आत्याने रस्त्याकडे कान दिला. रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं.

"चेंडू, खिडकी, लोकर," ती म्हणाली. "लिहिणार का हे?"

"लिहावं तर लागेल."

"म्हणजे तिला नेणार. तिचा मुलगा नेणार आणि मला कुठेतरी ठेवणार."

"तसं होणार नाही, असं वचन मी देऊ शकत नाही. माझ्या हातात तेवढं नाही." बाईंनी नाक पुसलं. "मला पाठवलंय तुमची एकटीची पाहणी करायला. पण तुम्हाला कोणाची मदत लागते म्हणून लिहायला बसले, तर 'वहिनी' लिहावं लागेल. त्यांना कोणाची, तर 'आत्या'. आणि त्या मदतीला आता भोकं पडायला लागलीत. मागच्या वेळी तुम्ही पडलात. पुढच्या वेळी गॅस असेल. मला एक सांगा, आजार जरा बाजूला ठेवू. तुम्हाला स्वतःला काय हवंय?"

इतक्या डॉक्टरांनी आत्याला काय होतंय ते विचारलं होतं; काय हवंय हे कोणी विचारलं नव्हतं.

"सकाळी उठलं की वाद घालायला कोणीतरी हवं," ती म्हणाली. "माझ्या तोडीचं. बाकी मी भागवून नेईन."

वहिनी दारात उभी होती. बिस्किटांचा डबा तिला सापडला होता.

"मला कळतं हो, मी विसरते ते," ती बाईंना म्हणाली. "वन्सं झाकून नेतात. त्यांना वाटतं मला पत्ता नाही. म्हणून मीही तसंच वागते, उगाच त्यांचा हिरमोड कशाला करायचा?"

"अगं, मग बोलली का नाहीस?" आत्या उसळली.

"तुम्ही बोललात?"

पाहणीबाईंनी दोघींच्या मध्ये बिस्किटांचा डबा ठेवला आणि चहा प्यायला लागल्या.

भाच्याला फोन आत्यानेच केला. बाईंनी, मी कळवते, म्हटलं होतं, पण आत्या ऐकेना. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं तिने पलीकडे पोचवलं होतं. हे तिचं स्वतःचं होतं. बेकरी, गॅस, सगळं तिने सरळ सांगितलं.

"आत्या, मला तरी सांगायचंस गं," एवढंच तो म्हणाला. पण आवाज फाटला होता.

तो आला आणि आईला आपल्याकडे घेऊन गेला. रागाने नाही, धास्तीने. आत्याकडे सकाळ-संध्याकाळ यायला केंद्राने एक बाई दिली. ती वेळेवर यायची, वेळेवर खायला द्यायची, एका शब्दानेही वाद घालायची नाही. आत्याची साखर सुधारली. मन मात्र कशातच लागेना. भाचा फोनवर सांगायचा, आई मजेत आहे, नातवंडं आहेत, बाग आहे. पण मग त्याचा सूर बदलला. आई रोज सकाळी पिशवी घेऊन दारात उभी राहते, म्हणाला. कुठे निघालीस विचारलं तर म्हणते, पाव घेऊन जायचाय, वन्सं उपाशी बसल्या असतील. एकदा तशीच बाहेर पडली आणि दोन गल्ल्या पलीकडे सापडली.

"मी तिला परत आणतोय, आत्या," एका संध्याकाळी तो म्हणाला. "पण असं वाऱ्यावर नाही. नीट ठरवून."

ठरवायला सगळे आत्याच्या बैठकीत जमले: भाचा, पाहणीबाई आणि केंद्रातल्या एक तरुण डॉक्टर. या वेळी बाईंनी वहिनीचीही रीतसर पाहणी केली होती आणि दोघींची औषधं एकाच टेबलावर मांडली होती. डॉक्टरांनी ती बघून कपाळाला आठ्या घातल्या. वहिनीची झोपेची गोळी एकाने दिलेली, लघवीची दुसऱ्याने, सर्दीची तिने स्वतःच दुकानातून आणलेली. तिन्ही मिळून म्हाताऱ्या डोक्यावर धुकं आणतात, म्हणाल्या. सर्दीची लगेच बंद झाली, बाकीच्या दोन हळूहळू. थायरॉइडची मात्रा वाढवली. "सगळं विसरणं याने जाणार नाही," डॉक्टरांनी आधीच बजावलं, "पण जेवढं औषधांनी आणलंय, तेवढं तरी काढून टाकू." आत्याची साखर एकदम खाली पाडणारी गोळी बदलली. तिच्या वयाला साखर थोडी वर राहिली तरी चालेल, पडलेली चालणार नाही, असं ठरलं.

गॅस गेला. त्या जागी आपोआप बंद होणारी विजेची शेगडी आली. वहिनीने तिला आल्याआल्याच नावं ठेवली. औषधवाला दोघींच्या गोळ्या वेळेप्रमाणे पुड्यांमध्ये बांधून द्यायला लागला. आत्याच्या पुडीचा कोपरा दुमडलेला, म्हणजे बोटांना कळावं. केंद्राची बाई आता रोज फक्त सकाळी यायला लागली. तिचं नाव वहिनीच्या लक्षात राहीना, म्हणून ती 'सकाळवाली' झाली. आठवड्यातले दोन दिवस वहिनी जवळच्या, म्हाताऱ्या माणसांच्या दिवसकेंद्रात जाऊ लागली. तिथे तिला सुईदोरा मिळाला आणि अडलेली बाही एकदाची लागली. उलटी लागली, पण लागली. भाचा महिन्यातून एकदा यायचा आणि निघताना दर वेळी दारात घोटाळायचा.

धुकं खरंच थोडं विरलं. वहिनी पुन्हा बातम्या ऐकून सरकारला शिव्या घालायला लागली, आत्याच्या गाउनाच्या रंगावर बोलायला लागली. जवळजवळ वर्षभर बरं चाललं. मग हळूहळू पुन्हा उतार लागला.

एका सकाळी नाश्त्याला बसल्यावर वहिनीने टोस्टची बशी पुढे ओढली. मग अदबीने म्हणाली, "माफ करा, आपण कोण?"

आत्याने हातातला कप खाली ठेवला.

"मी तुझी नणंद."

"अगंबाई," वहिनी म्हणाली. "मग आपलं पटत नसेल."

"नाही पटत."

"मग एकत्र कशा राहतो?"

"सवयीने," आत्या म्हणाली.

वहिनीला ते पटलं असावं. तिने टोस्टला लोणी लावलं, ते फार थोडं लागलंय असं स्वतःच म्हणाली आणि पुन्हा लावलं. दुपारपर्यंत ती परत 'अहो वन्सं' म्हणायला लागली होती. सकाळचं तिला आठवत नव्हतं, आणि आत्याने आठवण करून दिली नाही.

पण पाहणीबाईंना मात्र तिने फोन लावून सगळं सांगितलं, शब्द न् शब्द. आता काही झाकायचं नाही असं दोघी नणंद-भावजयींचं ठरलं होतं. बाई म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात येऊन बघते, सकाळवालीचे तास वाढवता येतात का ते विचारते. "आणि आत्या," त्यांनी विचारलं, "तुम्हाला झेपतंय ना?"

आत्याने सवयीने 'हो' म्हणायला तोंड उघडलं. मग थांबली.

"सकाळी झेपतं," ती म्हणाली. "संध्याकाळी जड जातं."

"बरं झालं सांगितलंत," बाई म्हणाल्या. "मग संध्याकाळचंही बघू."